क्लच गेला की नुसती वायर ढिली? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

कांद्याच्या हंगामात लासलगाव, पिंपळगाव, उमराणे अशा कुठल्याही बाजार समितीच्या गेटबाहेर जा. पिकअप आणि ट्रॅक्टरच्या रांगेत एखादी तरी गाडी कडेला ढकललेली दिसतेच. बोनेट उघडं, ड्रायव्हर फोनवर, आणि भोवती उभ्या चार जणांचं एकच निदान: "क्लच गेला."

क्लच गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे मात्र कुणी विचारत नाही. गाडी गॅरेजला जाते, गिअरबॉक्स खाली उतरतो, नवं किट बसतं. एक-दोन दिवस गाडी उभी राहते आणि भरलेल्या मालाचं भाड्याच्या दुसऱ्या गाडीत पलटी करावं लागतं ते वेगळंच. कधी हा खर्च खरोखर गरजेचा असतो. पण कधी दोष एका नटाचा, एका वायरचा किंवा छोट्या रबरी सीलचा निघतो आणि किट उगीचच बदललेलं असतं.

आमच्याच घरचं उदाहरण सांगतो. दोन हंगामांपूर्वी चुलतभावाची पिकअप अशीच रांगेत अडकली. पहिला गिअर पडेना. टोचन करून जवळच्या गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीने गाडीत बसून दोनदा पेडल मारलं आणि सांगितलं, "दादा, प्लेट संपली. किट टाकावं लागेल, उद्या संध्याकाळी घेऊन जा." भावाने नशिबाने लगेच हो म्हटलं नाही. गावाकडच्या एका जुन्या ट्रॅक्टर मिस्त्रीला फोन केला. ते मामा मोटारसायकलवर आले, बोनेट उघडलं, ऑइलची बाटली बघितली तर तळाला गेलेली. गिअरबॉक्सच्या बाजूच्या छोट्या सिलेंडरचं रबर ओलं होतं. सील बदललं, हवा काढली आणि दोन तासांत गाडी परत रांगेत. त्याच प्लेटवर ती गाडी पुढे आणखी एक हंगाम चालली.

याचा अर्थ गॅरेजवाले फसवतात असा नाही. घाईत असलेला माणूस सवयीने सांगतो आणि गाडीवाल्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. तो विचारता यावा, यासाठी ही माहिती.

आधी रचना समजून घ्या

इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. ते इंजिनबरोबर सतत फिरतं. त्याला चिकटून क्लचप्लेट असते. ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांवर बसलेली असते आणि पुढे-मागे थोडी सरकू शकते. प्लेटच्या मागे प्रेशर प्लेट. तिच्यातली स्प्रिंग क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते, म्हणून इंजिनची ताकद चाकापर्यंत पोहोचते.

तुम्ही पेडल दाबता तेव्हा एक फोर्क हलतो, तो रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबतं आणि प्लेट मोकळी होते. इंजिन फिरत राहतं, पण गिअरबॉक्सशी त्याचा संबंध तुटतो. मग गिअर बदलता येतो.

पेडलपासून फोर्कपर्यंत जोर नेण्याच्या दोन पद्धती आहेत. एक वायरची. मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो यांना वायर असते. दुसरी ऑइलची. पेडलजवळ मास्टर सिलेंडर, गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलेंडर आणि मध्ये पाइप. यात ब्रेक ऑइलच असतं. आपली गाडी वायरवर आहे की ऑइलवर, हे गाडीमालकाला माहीत असलंच पाहिजे, कारण पुढची निम्मी तपासणी त्यावर ठरते.

दोन तक्रारी, दोन्ही एकमेकींच्या उलट

सगळा गोंधळ इथेच होतो. क्लच दोन प्रकारे बिघडतो. एकतर तो नीट धरत नाही, म्हणजे घसरतो. नाहीतर तो नीट सोडत नाही, म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही प्लेट फ्लायव्हीलला घासत राहते. या दोन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. "गाडी ओढत नाही" आणि "गिअर पडत नाही" या दोन वाक्यांत हाच फरक आहे. मिस्त्रीकडे गेल्यावर "क्लच खराब आहे" असं न सांगता या दोनपैकी कोणतं होतंय ते सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

गाडी ओढत नाही: क्लच घसरतोय

माल भरून राहूड घाट चढताना किंवा पेठकडून नाशिकला येताना सावळघाटात हे पहिल्यांदा लक्षात येतं. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. थोड्या वेळात जळका, उग्र वास केबिनमध्ये येतो. सपाटीला, रिकाम्या गाडीत काहीच जाणवत नाही, म्हणून लोक महिनाभर दुर्लक्ष करतात.

खात्री करायची असेल तर मोकळ्या, थोड्या चढाच्या रस्त्यावर वरचा गिअर टाकून, साधारण तीस-चाळीसच्या वेगात ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतोय. दुसरी एक जुनी चाचणी आहे. उभ्या गाडीत हँडब्रेक आणि पायब्रेक पक्का लावायचा, तिसरा किंवा चौथा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच हळूच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर घसरतोय. ही चाचणी एकदाच करा. गाडीसमोर माणूस, जनावर, भिंत काही नको. चार-पाच वेळा केली तर चांगली प्लेटही जळते.

आता कारण. पहिला संशय अर्थातच झिजलेल्या प्लेटवर जातो आणि जास्त चाललेल्या गाडीत तो बरोबरही असतो. पण त्याआधी पेडलचं मोकळं अंतर बघा. पेडल हाताने दाबा. सुरुवातीला थोडं अंतर ते सहज, जोर न लावता खाली गेलं पाहिजे आणि मग जड लागलं पाहिजे. वायरवाल्या बऱ्याच गाड्यांत हे मोकळं अंतर १५ ते २५ मिमीच्या आसपास असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

हे अंतर शून्य झालं असेल तर रिलीज बेअरिंग पाकळ्यांवर सतत दाबलेलं राहतं. म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच आहे. तो घसरणारच. आणि हे अंतर आपोआप कमी होत जातं. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटच्या पाकळ्या बेअरिंगकडे सरकतात. म्हणून वायरवाल्या गाडीत प्लेट झिजत जाते तसा क्लच पेडल अगदी वर आल्यावर उचलायला लागतो. वायरचा नट ढिला करून अंतर परत दिलं, तर प्लेटमध्ये जीव असेपर्यंत गाडी छान चालते. ॲडजस्टमेंट पूर्ण संपलेली असेल आणि तरी घसरत असेल, तर मात्र प्लेट संपली असं समजा.

ऑइलवाल्या गाडीत हे अंतर बऱ्याच प्रमाणात आपोआप जुळत राहतं, त्यामुळे पेडलवरून प्लेटची झीज कळत नाही. तिथे वेगळाच एक दोष सापडतो. मास्टर सिलेंडरचं ऑइल परत जायचं बारीक छिद्र बुजलं किंवा पेडलच्या दांडीला जराही ढिलाई उरली नाही, तर पाइपमध्ये दाब अडकून राहतो. गाडी सुरुवातीला ठीक, अर्ध्या तासाने गरम झाल्यावर घसरायला लागते. अशा वेळी स्लेव्ह सिलेंडरची हवा काढायची निपल जराशी सैल करून बघतात. थोडं ऑइल जोरात उडालं आणि घसरणं लगेच थांबलं, तर दोष मास्टर सिलेंडरकडे आहे. प्लेटला हात लावायचं कारण नाही.

तिसरं कारण ऑइल. इंजिनचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळायला लागलं की ऑइल प्लेटवर जातं. गाडीखाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे खालच्या बाजूला बोट फिरवा. तेलकट, काळं लागलं तर हे कारण पक्कं. इथे नुसती प्लेट बदलून उपयोग नाही. सील तसंच ठेवलं तर नवी प्लेटही दोन महिन्यांत तेलात भिजते. भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, कागद मारून परत बसवायची एक पद्धत आहे. ती पैसे वाचवत नाही. लायनिंगने आत शोषलेलं ऑइल प्लेट गरम झाली की पुन्हा वर येतं आणि गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागतो.

गिअर पडत नाही: क्लच सुटत नाही

पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकताना कर्रर्र आवाज येतो, गिअर अडकतो, जोर लावावा लागतो. कधी पेडल पूर्ण दाबलेलं असतानाही गाडी हळूच पुढे सरकते. रांगेत पुढच्या गाडीला टेकते ती अशीच.

आधी एक साधी परीक्षा. इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर पडत नाहीत, तर दोष क्लचचा. बंद इंजिनवरही अडकत असतील तर दोष गिअरच्या लिव्हरमध्ये, त्याच्या वायरींमध्ये किंवा खुद्द गिअरबॉक्समध्ये आहे. एवढ्या एका परीक्षेने कितीतरी किटांचे पैसे वाचतील.

दुसरी परीक्षा रिव्हर्सची. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. पेडल पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतो आणि गिअर गुपचूप पडतो. तरीही घासल्याचा आवाज आला तर प्लेट मोकळी होत नाहीये.

आता वायरची गाडी असेल तर वायर ताणली गेली आहे का ते बघा. मोकळं अंतर खूप वाढलेलं असेल, क्लच अगदी तळाला उचलत असेल तर नट आवळून अंतर जुळवा. वायरचे तंतू टोकाला तुटायला लागले असतील, पेडल खरखरत, अडखळत खाली जात असेल तर वायरच बदला. उरलेले चार तंतू घाटातच तुटतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत पेडलजवळचा, वायर जिथे टेकते तो पत्राच तडकलेला असतो. पेडल दाबलं की पत्रा वाकतो आणि वायर ओढलीच जात नाही. नवी वायर टाकूनही फरक पडत नाही तेव्हा एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने तो पत्रा बघावा.

ऑइलची गाडी असेल तर बाटलीतली पातळी बघा. अनेक मोटारींत क्लच आणि ब्रेकला एकच बाटली असते, त्यामुळे क्लचची गळती ही ब्रेकचीही काळजी आहे. ती लांबवू नका. मग पेडल दोन-तीनदा भराभर मारा. त्याने पेडल वर येत असेल आणि गिअर पडत असेल तर पाइपमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलेंडरचं सील थकलंय. पेडल दाबून धरल्यावर पायाखाली हळूहळू आणखी खाली जातं, बाहेर कुठे गळती नाही, तर ऑइल मास्टर सिलेंडरच्या आतच सीलवरून मागे जातंय. केबिनमध्ये पेडलच्या वर ओलं दिसलं तर मास्टर गळतोय, गिअरबॉक्सजवळच्या सिलेंडरचं रबर उचलल्यावर ओलं दिसलं तर स्लेव्ह. भावाच्या पिकअपचं हेच होतं.

काही नव्या मोटारींत हा स्लेव्ह सिलेंडर बाहेर नसून गिअरबॉक्सच्या तोंडाशी आत, बेअरिंगसकट बसवलेला असतो. तो गळला तर दुसरा इलाज नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ऑइलची बाटली रिकामी होतेय पण बाहेर काहीच ओलं नाही, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडापासून पाण्यासारखं पातळ ऑइल ठिबकतंय, तर हेच समजा.

बाहेरचं सगळं ठीक असेल तर मग दोष आत. प्लेट वाकलेली, प्लेटचा मधला भाग शाफ्टच्या खाचांवर गंजून अडकलेला, फोर्क वाकलेला, पाकळी तुटलेली किंवा शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग जाम. पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची प्लेट फ्लायव्हीललाच चिकटून बसते, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. म्हणूनच बऱ्याच ट्रॅक्टरांना पेडल दाबून अडकवायची कडी दिलेली असते. ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहणार असेल तर ती लावून ठेवायची. कडी तुटली असेल तर पेडल दाबून लाकडाचा ठोकळा अडकवा.

हवा काढणं

हे काम दोघांचं. ऑइलची बाटली भरा. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. गाडीत बसलेल्याने पेडल तीन-चार वेळा सावकाश मारून दाबून धरायचं. खालच्याने निपल अर्धा आटा उघडायची, बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायची आणि मगच वरच्याला "सोड" म्हणायचं. आधी सोडलं तर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा. वरची बाटली मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

ऑइल कोणतं? झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल यातलं काहीही चालत नाही. अडीअडचणीत कुणीतरी ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल ओततं, त्याने रबरी सील फुगतात आणि एकाऐवजी सगळेच बदलावे लागतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे महिनोन्महिने उघडी पडलेली बाटली वापरू नये. अंगावर आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आवाज आणि हादरे

आवाजावरून चुकीचं किट बदललं जातं ते इथे. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवर नाही. घरघर येतेय आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर बहुधा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय. क्लचचं किट टाकून ते जाणार नाही. उलट, पाय उचललेला असताना शांत आणि पेडल दाबायला लागल्यावर किर्र आवाज सुरू, तर रिलीज बेअरिंग. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गाडी सुटताना थरथरते, झटके देते, तर प्लेटवर ऑइल असू शकतं, फ्लायव्हील जळून त्यावर निळे डाग पडलेले असू शकतात किंवा प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या असू शकतात. पण आधी इंजिनचे माउंटिंग रबर बघा. ते फाटलेले असले तरी गाडी अशीच हादरते आणि ते बाहेरूनच बदलता येतात.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर

हे काम घरी नुसत्या जॅकवर करू नका. गिअरबॉक्स जड असतो आणि जॅक सरकतो. गाडी स्टँडवर, चाकांना दगड आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, एवढं गॅरेजमध्येही होतंय का ते बघा. तुम्ही तिथे उभे असाल तर पुढच्या गोष्टींवर लक्ष ठेवा, मिस्त्रीला राग येणार नाही अशा बेताने.

जुन्या प्लेटची झीज रिव्हेटवरून कळते. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापेक्षा किती वर उरलंय ते मोजतात. साधारण ०.३ ते ०.५ मिमीपेक्षा कमी उरलं असेल तर प्लेट संपली. रिव्हेट घासून फ्लायव्हीलवर रेघा पडल्या असतील तर फ्लायव्हील लेथवर साफ करून घ्यावं लागतं. मात्र काही डिझेल मोटारींत दोन भागांचं फ्लायव्हील असतं, ते असं लेथवर घेता येत नाही. बारीक तडे असतील तर फ्लायव्हील बदलायचंच.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावं असं सांगतात, ते मला पटतं. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असते. मागचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही त्याच वेळी. जुन्या प्लेटला नवं लायनिंग मारून देणारे कारागीर तालुक्याच्या ठिकाणी अजून आहेत. हळू चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरला, प्लेटच्या स्प्रिंगा आणि खाचा चांगल्या असतील तर ते चालून जातं. वेगात पळणाऱ्या पिकअपला किंवा मोटारीला मी तरी टाकणार नाही.

बसवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुणं ही सर्वांत मोठी. ते सीलबंद असतं, आतलं ग्रीस धुतलं गेलं की नवंकोरं बेअरिंग महिन्यात ओरडतं. प्लेट उलटी बसवणं ही दुसरी. कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते बहुतेक प्लेटांवर लिहिलेलं असतं. नव्या प्रेशर प्लेटवर गंज न लागण्यासाठी तेलकट थर दिलेला असतो, तो थिनरने पुसायचा. खाचांवर ग्रीस अगदी नावापुरतं लावून जास्तीचं पुसून घ्यायचं, नाहीतर ते उडून प्लेटवर जातं. प्लेट बरोबर मध्यावर येण्यासाठी डमी शाफ्ट वापरायचा आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकू दिलं तर प्लेट वाकते आणि नवं किट टाकूनही गिअर पडत नाही. मग सगळे किटला शिव्या देतात.

आतली काळी धूळ कंप्रेसरने उडवू देऊ नका. जुन्या किंवा स्वस्त लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायची, तोंडाला रुमाल नव्हे तर मास्क.

बिल देताना जुने भाग मागून घ्या. प्लेट हातात घेऊन बघा. लायनिंग जाड दिसत असेल तर का बदललं ते तिथेच विचारा. गाडी वॉरंटीत असली तरी क्लचप्लेट बहुतेक कंपन्या झिजणारा भाग धरतात, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

रस्त्यात अडकलात तर

क्लच घसरून वास यायला लागला तर गाडी थांबवा, निदान अर्धा तास थंड होऊ द्या, जमलं तर माल कमी करा आणि खालच्या गिअरमध्ये, रेस न देता जवळच्या गॅरेजपर्यंत जा. घसरणाऱ्या क्लचवर भरलेली गाडी घाटात उतरवू नका. उतारावर खालच्या गिअरने इंजिन गाडीला जे रोखून धरतं, ते घसरणारा क्लच पूर्ण होऊ देत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो.

वायर तुटली आणि गाडी रिकामी, रस्ता सपाट आणि मोकळा असेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि सेल्फ मारायचा. गाडी हिसका देऊन चालू होते आणि पहिल्याच गिअरमध्ये हळूहळू नेता येते. थांबायचं झालं तर न्यूट्रल करायचं. नव्या मोटारींत पेडल दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथे हे जमणार नाही. भरलेल्या गाडीला, गर्दीत किंवा घाटात हा प्रयोग नकोच, टोचन बोलवा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्र सांगितली पाहिजे. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धं दाबलं की चालणं थांबतं आणि पूर्ण दाबलं की पीटीओ थांबतो. पीटीओचा क्लच नीट सुटत नसेल तर पेडल तळाला असूनही रोटाव्हेटर फिरत राहतो. पात्यात अडकलेलं गवत किंवा दोरी काढायला कुणी खाली उतरणार असेल तर क्लचवर भरवसा ठेवायचा नाही. इंजिन बंद, चावी खिशात, मगच हात घालायचा.

प्लेट का जळते

आपल्याकडे क्लच जास्त करून रांगेतच जळतो. लिलावाच्या रांगेत गाडी दर पाच मिनिटांनी दोन हात पुढे सरकते आणि ड्रायव्हर तेवढ्यासाठी हाफ क्लचवर उभा राहतो. पुढे चांगली जागा होऊ द्या, मग एकदाच गिअर टाकून पुढे घ्या. मध्ये न्यूट्रल. नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाताना गर्दीत गाडी चढावर थांबली तर तिला क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक लावा आणि सुटताना रेस देत सोडा. हँडब्रेक काम करत नसेल तर आधी तो दुरुस्त करा, कारण त्याची मजुरी क्लचच्या मानाने काहीच नाही. चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. पायाचं ते वजन बेअरिंग आणि प्लेट दोन्ही खातं.

नवं किट टाकल्यावर पहिले चार-पाचशे किलोमीटर गाडी जरा हलकी चालवा, भरगच्च माल आणि घाट टाळता आला तर टाळा. आणि वायरची गाडी असेल तर आठ-पंधरा दिवसांनी मोकळं अंतर पुन्हा एकदा तपासून घ्या, नवी प्लेट बसताना ते बदलतं.